गप गाडी

आमच्या गाडीला आबांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, दोन्ही अर्थांनी. गप गाडी.

आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. पलीकडच्या गल्लीतून एखादी गाडी गेली की इथे बसल्या बसल्या तिचं दुखणं सांगायचे, आणि ते खरं की खोटं हे बघायला कुणी उठून जायचं नाही. त्यांच्या मुलाने, माझ्या नवऱ्याने, हायब्रिड गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने त्यांना पुढे बसवलं.

"कर की चालू," आबा म्हणाले.

"चालूच आहे, आबा."

"मग बोलत का नाही?"

"गरज नाही म्हणून."

"तुझ्या आईला जमलं नाही ते हिला बरं जमलं."

मी मागच्या सीटवर होते, पोटात खारू होती. हसताना मला पोट धरावं लागलं होतं.

त्याने मग त्यांना नीट समजावलं. गाडीत दोघं आहेत, एक विजेची मोटर, एक पेट्रोलचं इंजिन. गल्लीतून हळू निघायचं असेल, सिग्नलपाशी रांगत जायचं असेल, तर मोटर एकटी ओढते आणि इंजिन चक्क बंद असतं. चढ आला, वेग हवा झाला की इंजिन आपणहून लागतं आणि दोघं मिळून ओढतात. उतारावर ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते, चाकांच्या फिरण्यातूनच झालेली वीज बॅटरीत भरून घेते.

"एका म्यानात दोन तलवारी," आबा म्हणाले. "नांदायच्या नाहीत."

"मधे गिअर आहे ना. सगळी चाकं एकमेकांत अडकवलेली. कुणी किती ओढायचं ते क्षणाक्षणाला ठरतं. एक थांबला तर दुसरा ओढतो, गाडी थांबत नाही."

"आणि ठरवतं कोण?"

"ती स्वतःच."

"म्हणजे घरासारखंच. कोण ठरवतं ते कुणालाच माहीत नाही."

मला तो एरवी म्हणायचा, मी मोटर, तू इंजिन. मी विचारायचे, म्हणजे तापणारी मी का? तो म्हणायचा, चढावर कामाला येणारी तू.

आमची गल्ली सपाट आहे आणि तिच्या तोंडाशी एकदम चढ लागतो. गाडी घरातून निघाली की गल्लीभर गप असायची आणि चढाला पाय लावला की इंजिन घुमायचं. आबांनी त्याचीही सवय करून घेतली होती. आत बसले असतील तर चढावर मान डोलवायचे, "लागलं." जणू त्यांनीच लावलं.

अगदीच गप मात्र नव्हती ती. मोटरवर हळू चालताना पुढून एक बारीक आवाज सोडायची, हूं, असा, ओठ मिटून कुणी सूर धरावा तसा. पायी चालणाऱ्याला कळावं म्हणून मुद्दाम केलेली सोय. संध्याकाळी तो कामावरून परत आला की गल्लीत आधी तो हूं यायचा, मग खडीवर चाकं. खारू पावलं टाकायला लागली तशी त्या आवाजाला खिडकीकडे पळायला लागली. खिडकीच्या कठड्याला हनुवटी लावून म्हणायची, "हूं." मग दारामागची त्याची घरातली चप्पल उचलायची, एकच, कारण दुसऱ्या हाताला भिंत लागायची, आणि दारात जाऊन उभी राहायची.

ती बापाला हूंच म्हणायची. आम्ही बाबा शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. बाबा कुठे म्हटलं की ती आमच्या तोंडाकडे बघायची. हूं कुठे म्हटलं की खिडकीकडे बोट.

"आवाजावरून माणूस ओळखते," आबा म्हणाले. "माझीच नात."

ज्या सकाळी तो स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात गेला, त्या सकाळी खारू झोपलेली होती. छातीत जरा जड वाटतंय, दाखवून येतो, म्हणाला. तू नको येऊस, ती उठेल. मी दार ओढून घेतलं. गाडी गप निघाली, गल्लीच्या तोंडाशी इंजिन लागल्याचं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. खारू उठली नाही.

तो दवाखान्यातून परत आला नाही. गाडी मागाहून त्याच्या एका मित्राने आणून लावली.

लोकांची ये-जा संपल्यावर एकदा, उशांचे अभ्रे काढता काढता, आबा म्हणाले, "इंजिनाची गाडी असती तर पोर उठली असती. टाटा तरी केला असता." मी पुढची उशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी पुन्हा कधी ते वाक्य काढलं नाही.

गाडी अंगणात झाकून ठेवली होती. नेहमीचा मेकॅनिक एकदा येऊन बघून गेला. आडवळणाने बोलणारा माणूस नाही तो. म्हणाला, "वहिनी, हिला अशी उभी नका ठेवू. उभ्या उभ्या बॅटऱ्या उतरत जातात, दोन आहेत हिला. छोटी उतरली तर मी तासाभरात जागी करेन. मोठी उतरली तर हिचं इंजिनसुद्धा लागायचं नाही, कारण इंजिनाला उठवायचं काम मोटरचंच आहे. आठवड्यातून एकदा तरी फिरवा."

मला गाडी येते. पण त्या सीटवर बसायचं म्हणजे सीट पुढे सरकवायला हवी होती. त्याचे पाय लांब. सीट त्याने सोडली तिथेच होती, मित्रानेही ती हलवली नव्हती.

"मी नेतो," आबा म्हणाले. आबांचे पायही तसेच लांब.

त्या पहिल्या रविवारी मी कपडे वाळत घालत होते. गल्लीतून हूं आला. माझ्या हातातला शर्ट तसाच राहिला. मला माहीत होतं कोण येतंय, मीच किल्ली दिली होती, तरी माझी मान वळली. आत खारूची पावलं वाजली, "हूं, हूं," आणि मग चप्पल फरशीवर घासत आल्याचा आवाज. कितीतरी दिवसांनी.

दार उघडून आबा आत आले. खारूने त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या पायांच्या बाजूने वाकून मागे बघितलं. आबा एका जागी उभे राहिले, सरकले नाहीत आणि वाकून तिला उचललंही नाही. तिने अंगण नीट बघून घेतलं, चप्पल उचलली आणि दारामागे जिथली तिथे नेऊन ठेवली. रडली नाही. रडली असती तर आम्हाला काहीतरी करता आलं असतं.

पुढच्या रविवारी हूं आलाच नाही. गाडी आली ती इतर कुठल्याही गाडीसारखी, गल्लीभर घुरघुरत. खारूने मान वर केली आणि परत डब्यांच्या झाकणांत घातली. आबा आत आले ते घामाने निथळत. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल.

"बरं नाही का?"

"ऊन आहे, सूनबाई."

ऊन होतंच. पण त्यानंतरच्या रविवारीही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. गाडी बोलत यायची आणि आबा भिजलेले. गाडीतून उतरल्यावर जरा वेळ दाराला धरून उभे राहायचे, मग चालायला लागायचे. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ते म्हणाले, घाम येतो म्हणजे माणूस जिवंत आहे. म्हटलं, मग एसी लावत जा. ते म्हणाले, त्याने सर्दी होते.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या घामापेक्षा त्या आवाजाची जास्त काळजी लागली होती. मोटर गेली, असं मी मनात धरलं. एवढे दिवस उभी ठेवली, माझ्यामुळे गेली. आता ही गाडी पुन्हा कधी हूं करणार नाही. दर रविवारी कपडे वाळत घालायला मी तीच वेळ धरत होते, हे माझं मलाच तेव्हा कळलं.

मी मेकॅनिकला बोलावलं. आबा नुकतेच येऊन आत पाणी पीत होते. त्याने गाडीचं दार उघडलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"वहिनी, आत भट्टी लावली आहे का कुणी?"

मी हात आत घातला. सगळा आतला भाग कढत होता, सीटसुद्धा. त्याने वाकून बघितलं.

"हीटर. पूर्ण. आणि पंखा शेवटच्या आकड्यावर. या उन्हात?" त्याने सगळं बंद केलं, गाडी जरा पुढेमागे करून बघितली. अंगणात हूं उमटला. "मोटर ठणठणीत आहे. हीटर इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, म्हणून तो लावला की हिला इंजिन चालू ठेवावंच लागतं. पाणी तापलं की ही लबाड परत गप बसायला बघते, म्हणून पंखा पूर्ण. हे ज्याला सुचलं त्याला गाडी कळते. पण का केलं, ते मात्र काही कळत नाही बुवा."

मला कळलं होतं, किंवा तसं वाटलं होतं. मेकॅनिक गेल्यावर मी आत गेले. आबा पंख्याखाली बसले होते, समोर खारू एका झाकणावर दुसरं बसवत होती.

"आबा, तुम्ही तिला वाईट वाटू नये म्हणून एवढं करता? असं उकडून घेता?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "वाईट काय, ते वाटायचंच आहे तिला. आज नाही तर उद्या."

"मग?"

ते खारूकडेच बघत म्हणाले, "तिच्याकडे बापाचं काय आहे? फोटो तिला कळत नाही. बाबा म्हणता येत नाही. एक शब्द आहे. दर रविवारी तो आवाज काढत मी दारात उभा राहिलो तर चार रविवारांत हूं म्हणजे आबा होईल. पोरांचं काय, जो समोर येईल त्याला शब्द चिकटवतात. तो शब्द त्याचा आहे. मी कसा अंगावर घेऊ?"

मी खाली बसले. खारूचं झाकण बसत नव्हतं. तिने ते माझ्या हातात दिलं आणि मीही ते चुकीच्या डब्यावर लावत बसले.

"पण आबा, अशाने तो आवाज तिला ऐकूच येणार नाही. ती विसरेल."

"हं."

"तो मेकॅनिक काय म्हणाला होता? उभी ठेवली तर उतरते."

"तो बॅटरीचं म्हणाला होता."

"माहीत आहे."

त्यांनी शर्टाच्या बाहीने मान पुसली. "मग काय करायचं म्हणतेस?"

"पुढच्या रविवारी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा, ती मागे. हीटर बंद."

"आणि शब्द?"

"खर्च झाला तर होऊ दे," मी म्हटलं. म्हणताना मला ते खरं वाटत नव्हतं. आताही पूर्ण वाटत नाही.

रविवारी खारूला मागच्या तिच्या सीटवर बांधलं. मी पुढे बसले. पाय पॅडलपर्यंत पोचत नव्हते. सीटखालची कळ हाताला लागली तरी मी ती दाबली नाही, टाचा उचलून पोचतं का ते बघत राहिले.

"तशी चालवलीस तर आपण तिघंही त्याच्याकडे जाऊ," आबा म्हणाले.

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी कळ दाबली. सीट खट् करून पुढे आली. त्याच्या पायांची तेवढी जागा उरली होती, तीही आता नाहीशी झाली.

गाडी चालू केली. काचा बंद होत्या. आत काहीच नाही, अगदी शांत. गाडी अंगणातून निघाली तरी शांत. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तो आवाज आतल्याला ऐकूच येत नाही, तो बाहेर उभं राहणाऱ्यासाठी असतो. आपण घरी येताना कसे ऐकू येतो, हे त्याला कधी नीट कळलंच नसणार.

मी सगळ्या काचा खाली केल्या. हूं दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून आत आला.

आरशात खारू ताठ झाली. "हूं," म्हणाली. मग आजूबाजूला शोधायला लागली. आबांच्या मानेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की आता ती यातलं कुणाला धरते. आबाही बघत असावेत, कारण त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता.

तिने आम्हा दोघांनाही सोडलं आणि मान वळवून मागे घराकडे बघितलं. आमची खिडकी दिसत होती, तिच्या हनुवटीच्या जागी कुणी नव्हतं. गाडी हळूहळू लांब जात होती. खारूने हात वर केला, बोटं मिटली, उघडली, परत मिटली.

"टाटा," ती म्हणाली. "हूं, टाटा."

आबांनी तोंड बाहेर केलं. मला थांबता येत नव्हतं. चढ समोर आला होता आणि चढाला थांबलं तर गाडी मागे येते. मी पॅडल दाबलं. पुढून घुमल्यासारखा आवाज झाला, गाडीत थरथर आली आणि त्याखाली हूं बुडून गेला.

"लागलं," आबा बाहेर बघतच म्हणाले.

मागे खारू अजून हात हलवत होती.