पो-हानच्या गाडीचा आकडा

चीलुंग बंदरात तीन आठवडे पावसाने उसंत दिली नव्हती. यान खुन-शानच्या गॅरेजपुढे भिजक्या गाड्यांची रांग लागली होती. तशात यू त्सुइ-लियेन आली, ती मोटरसायकल हातगाडीवर घालून. ढकलायला मासळीबाजारातले दोन हमाल. गाडी चांगली चालती, दोन्ही चाकांत हवा, आणि वरात अशी!

"काय ताई, गाडीला चालायचा कंटाळा आला की काय?" खुन-शानने विचारलं.

ती हसली नाही. "पुढचं चाक फिरलं की आकडा हलतो. तो हलता कामा नये."

खुन-शानने जीभ चावली. गाडी तिच्या मुलाची, पो-हानची. चार वर्षांपूर्वी पोरगा ती धक्क्यावर उभी करून मासेमारीच्या बोटीवर चढला, आणि बोट परत आलीच नाही. तेव्हाही त्सुइ-लियेनने गाडी अशीच उचलून घरी आणली होती. रोज सकाळी ती गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची आणि मीटरवर किती किलोमीटर झाले ते वाचायची. त्याने गाडी थांबवली तेव्हाचा तो आकडा. आता काचेच्या आत एवढं दव धरलं होतं की काहीच दिसेना.

"तेवढं दव काढा, मालक. बाकी कशाला हात लावू नका."

"अहो, तीस वर्षं हेच करतोय. उद्या घेऊन जा."

इथेच त्याने तोंड आवरायला हवं होतं. ऊन पडेपर्यंत थांबा, एवढंच सांगायचं होतं. पण आपल्या हाताचा गर्व माणसाला गप्प बसू देत नाही. त्याने मीटरची कडी उचकटली, काच पुसली, केस वाळवायच्या यंत्राने आत गरम हवा मारली, पावतीवर आकडा टिपला आणि मीटर बंद केलं. सकाळी पाहतो तर दव पुन्हा हजर! हवाच ओली, ती आत कोंडल्यावर दुसरं काय होणार? त्सुइ-लियेनला दोन दिवसांनी यायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

तिसऱ्यांदा त्याने भाताचा विजेचा कुकर काढला. पावसाळी दिवसांत त्या गल्लीतले सगळेच मेकॅनिक असं करतात. भांडं कोरडं ठेवायचं, मीटर फडक्यात गुंडाळून आत ठेवायचं आणि नुसत्या उबेवर तासभर सोडायचं.

"माझ्या कुकरात पुन्हा ते घाणेरडं काही घातलंत ना," बायको म्हणाली, "तर संध्याकाळी मीटरच वाढेन ताटात."

"वाढ, वाढ. तुझ्या भातापेक्षा मऊ असेल."

हसत हसत त्याने झाकण लावलं, आणि रोज भात लावणारा त्याचा हात सवयीने खालची शिजवायची कळ दाबून गेला. समोर टायर बदलायला गिऱ्हाईक आलं होतं. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता. आकड्यांची प्लास्टिकची चाकं वितळून एकमेकांना चिकटली होती. तीनाचं आणि आठाचं तोंड एकच झालं होतं.

त्याने काय करावं? जाऊन सांगावं. सांगितलं नाही. भंगारातल्या तसल्याच गाडीचं मीटर काढलं. नशिबाने ते कमी चाललेलं होतं. त्याला ड्रिल जोडून चाकं पुढे पुढे पळवली आणि पावती समोर ठेवून एकेचाळीस हजार तीनशे शहाऐंशीवर थांबवली. काच लख्ख, आकडा तोच. आपण पाप करतोय हे त्याला कळत होतं. आणि आपण सुटलो म्हणून बरंही वाटत होतं.

त्सुइ-लियेन आली. चष्मा लावून मीटरवर वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"स्वच्छ निघालं की नाही?" खुन-शान घाईने म्हणाला.

"शेवटचा सहा सरळ आहे."

"म्हणजे?"

"त्याचा सहा अर्धा वर सरकला होता. खालून सात डोकावत होता. चार वर्षं रोज पाहिलंय मी, मालक. हे त्याचं नाही."

पावतीवर अर्धा आकडा कोण लिहितो? खुन-शानने खणातून वितळलेलं मीटर काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"चूक माझी आहे, ताई. वर लपवायलाही गेलो. काय बोलायचं ते बोला."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने नुसता त्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. आतून बायको धावत बाहेर आली आणि तिथेच थबकली. बाहेर पाऊस पडतच होता.

"किल्ली द्या," त्सुइ-लियेन म्हणाली.

"हातगाडी बोलावतो ना. जपून..."

"आता काय जपायचं राहिलंय?" तिने गाडी स्टँडवरून खाली घेतली. चार वर्षांत पहिल्यांदाच पुढचं चाक जमिनीवर फिरलं. "धक्क्यापर्यंत जाते. तिथून घरी यायचं त्याचं राहिलंच होतं. तेवढं मी करते."

तिला गिअरची सवय नव्हती. गाडी दोनदा धक्के खाऊन बंद पडली. खुन-शान पुढे झाला, तसं तिने हातानेच त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली आणि बंदराच्या बाजूला वळली. वितळलेलं मीटर हातात घेऊन खुन-शान ती धक्क्यावरून घराकडे परत जाताना दिसायची वाट पाहत पावसातच उभा राहिला.