तीनशे सत्तेचाळीस, दोनदा

शिवलीलेनं पाटी पुसून तिच्यावर मोठ्ठा आकडा लिहिला, ३४७३४७, आणि ती सोमशेखर सरांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, ह्याला कशाकशानं भाग जातो, सांगा की."

समोर त्या दोघांचा मुलगा विरेश बसला होता. वडलांना आज पुण्याच्या वृद्धाश्रमात न्यायचंच, असं ठरवून तो आला होता. गाडी दारात उभी होती. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाचं डोकं अजून शाबूत आहे, हे डोळ्यांनी दिसलं तरच तो ऐकणार होता. तसं त्यानं सकाळी सरांसमोरच आईजवळ कबूल केलं होतं.

आकडा तिनं मुद्दाम सोपा काढला होता. लबाडीच म्हणा. तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिली, की जी मोठी संख्या तयार होते तिला सात, अकरा आणि तेरा या तिघांनीही हमखास भाग जातो. कारण दोनदा लिहिणं म्हणजे एक हजार एकनं गुणणं, आणि एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. तिला बघायला आले तेव्हा सरांनी स्वयंपाकाचं विचारलंच नव्हतं. तिच्याकडून एक संख्या मागून घेऊन हीच गंमत करून दाखवली होती. वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला येणारं गणित तेवढंच.

सर पुटपुटू लागले. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तिनानं जात नाही. इथवर ठीक होतं. सातापाशी खडू अडखळला, पुढं गेला, परत मागं आला.

"कशानंच न्हाय जात," ते शेवटी ठासून म्हणाले. "मूळ संख्या हाय ही."

आवाज अगदी वर्गातला. विरेशचा चेहरा उजळला.

"अव्वा, अप्पा तर ठणठणीत आहेत की! मी उगीच घाबरलो."

त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. आता शिवलीलेनं नुसतं गप्प बसलं, की सर घरीच राहणार होते.

पदराखाली तिचं मनगट ठणकत होतं. परवा दुपारी सरांनी ते पिरगाळून तिला दाराबाहेर ढकललं होतं, 'कोण बाई तू, माझ्या घरात कशी शिरलीस?' म्हणत. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना पाठवायच्या विचारानं तिचा जीव तुटत होता. आणि तिला त्यांची भीती वाटत होती, दिवसाउजेडीसुद्धा.

"सातानं जातोय," ती म्हणाली.

"काय?" विरेशनं विचारलं.

"सातानं भाग जातोय त्याला. अहो, परत करून बघा की."

सरांनी रागानं तिच्याकडं पाहिलं. पण शंका निघाली की उत्तर पडताळून बघायचं, ही सवय काही सुटली नव्हती. ते पुन्हा भागाकाराला बसले. या खेपेला हात सरळ चालला आणि खाली बाकी शून्य आली.

त्या शून्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. मग खडू बाजूला ठेवून त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"विरेश," ते म्हणाले, "माझ्या चपला कुटं हायत, बघ जरा."