औषध चिकटले की नाही

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला प्रयोगशाळेतल्या सिद्धेशने मला भंगारात काढायचे म्हणून माझा हवा उपसणारा पंप बंद केला. सहा वर्षांनी माझ्या पोटात बाहेरची हवा शिरली.

मित्रांनो, मी एक जुना आयन मोबिलिटी मास स्पेक्ट्रोमीटर आहे. अंधेरी पूर्वेला एका औषध कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्रथिनांचा आकार ओळखणे हे माझे काम. प्रथिन म्हणजे घडी घातलेला लांब धागा. त्याला विद्युतभार देऊन मी वायूने भरलेल्या नळीतून पळवतो आणि वेळ मोजतो. मिटलेली छत्री घेऊन गर्दीतून जाणारा लवकर पोचतो, उघडी धरलेला अडखळतो, तसेच हे. शेवटी वजन करतो. औषध चिकटले असेल तर तेवढे वजन वाढते.

पूर्वी माझ्यापुढे नंबर लागत. मग शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आणि माझ्यावर प्लास्टिक पडले. आठ महिने मी भिंतीपलीकडची बोलणी ऐकली. माझा विषय निघे तो भंगारात कधी काढायचे एवढ्यापुरताच.

त्या गुरुवारी दुपारी गंधाली आली. तिने चार वर्षे खपून तयार केलेले औषध प्रथिनाला चिकटतच नाही, असे सिद्धेशने नव्या यंत्रावर केलेल्या मोजणीत दिसले होते. सोमवारी ते औषध सोडून देण्याचा निर्णय होणार होता.

"व्होल्टेज किती ठेवलं होतंस रे?" तिने सिद्धेशला विचारले.

"वाढवलं थोडं. सिग्नल झकास येतो ना."

"येणारच. एवढ्या धक्क्याने औषध सुटलं असेल, यार. प्रथिनही उलगडलं असेल."

नवे यंत्र महिनाअखेरपर्यंत दुसऱ्यांनी अडवलेले होते. सिद्धेशने वाकून माझा पंप पुन्हा सुरू केला.

हवा उपसायला शनिवार दुपार उजाडली. गंधालीने व्होल्टेज अगदी कमी ठेवून तीनदा मोजले. पहिल्यांदा औषध चिकटलेले दिसले, प्रथिनही मिटलेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा औषध नव्हते.

"तिसरा सोडून दे गं," सिद्धेश म्हणाला. "मशीन जुनं आहे. कोण विचारतंय?"

तिने तिन्ही आकडे कागदावर लिहिले. तिसरा आकडा औषधामुळे आला की माझ्या वयामुळे, हे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, यंत्राला प्रश्न विचारताना जोर बेताने लावा. आणि नावडते उत्तर आले तरी ते खोडू नका.

आज सोमवार. साडेअकराला गंधाली तो कागद घेऊन आमचे प्रमुख नंदकुमार सर यांच्या खोलीत गेली. पाच मिनिटांनी सिद्धेशलाही आत बोलावले. आता पावणेएक झाला आहे. दार उघडलेले नाही.