नवरीबाई म्हणून वाढलेला गोरामी

मित्रांनो, मी मोती गोरामी जातीचा एक जुना मासा आहे, आणि मी नर आहे. ही दुसरी गोष्ट मी मुद्दाम लगेच सांगून टाकली. माझे निम्मे आयुष्य लोकांना तेवढेच न कळल्यामुळे घोळात गेले. निदान तुमचा तरी घोळ होऊ नये.

माझे बालपण एका मासेवाल्याच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या टाकीत गेले. तिथे इतकी दाटी होती, की आपले शेपूट कुठे संपते आणि दुसऱ्याचे तोंड कुठे सुरू होते याचा पत्ता लागत नसे. आम्ही सगळी पिल्ले सारखीच दिसत होतो. राखाडी अंग, त्यावर मोत्यांसारखे बारीक ठिपके, अंगावरून गेलेली एक काळी रेघ आणि पोटाखाली दोऱ्यासारख्या दोन लांब मिशा. या मिशांनी आम्ही आजूबाजूचे चाचपून पाहतो. त्या आमच्यात नरालाही असतात आणि मादीलाही. पुढे त्यांच्यावरून बराच वाद झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एके दिवशी त्या दुकानात एक शिंपी आला. त्याला सगळे मास्तर म्हणत. अंगाने काटकुळा, पण पोशाख असा, की कुणीतरी त्यालाच आत्ता इस्त्री करून उभा केला आहे असे वाटावे. जाकिटाच्या खिशात रुमाल, केसांना तेल, मिशीला टोक. बरोबर त्याची बायको होती. ती अंगाने भरलेली आणि बोलायला कमी. गळ्यात अडकवलेली मोजपट्टी काढायची ती विसरून आली होती. दोघे मिळून कपडे शिवण्याचे दुकान चालवत. ताटकळलेल्या गिऱ्हाइकांना बघायला काहीतरी असावे, म्हणजे ती कमी कुरकुरतील, या विचाराने ते मासे घ्यायला आले होते. तिसऱ्या होत्या मास्तरांच्या थोरल्या बहीण, अक्का. अक्कांची कुठल्याही गोष्टीबद्दल चटकन खात्री होत असे, आणि एकदा झालेली खात्री जात नसे.

मासेवाल्याने मला आणि आणखी एकाला जाळीत धरून पाण्याच्या पिशवीत सोडले. तो म्हणाला, की पिल्ले अजून लहान आहेत, यात नर कोण आणि मादी कोण हे आत्ता सांगता यायचे नाही, नशिबात असेल तर जोडी निघेल. अक्कांनी त्यातला 'जोडी' एवढाच शब्द उचलला आणि पिशवी घेऊन त्या बाहेर पडल्या.

मास्तरांच्या दुकानात शिवणयंत्रे समोरासमोर होती, मध्ये कापड बेतायचे मोठे टेबल होते, आणि कोपऱ्यात उंच आरसा होता. आमची टाकी त्या आरशाशेजारीच ठेवली होती. नवे कपडे घालून माणूस आधी आरशात बघे आणि मग आमच्याकडे. आरशाने ज्यांची निराशा केली, ती माणसे आमच्यापाशी जास्त वेळ थांबत.

काही महिन्यांत आम्ही मोठे झालो आणि माझ्यात फरक पडू लागला. माझा गळा आणि छाती केशरी झाली. अंगावरचे मोती चमकू लागले. पर लांब आणि झुळझुळीत झाले. माझा सोबती मात्र होता तसाच फिका राहिला आणि पोटाने गोल गरगरीत झाला.

अक्कांनी आम्हाला एकवार पाहिले आणि निकाल दिला. एवढा नटलेला मासा म्हणजे नवरीबाई, आणि पोट सुटलेला तो शेठ. सगळ्या दुकानाला हे पटले. माझे नाव नवरीबाई पडले. मित्रांनो, खरे तर तो शेठ म्हणजे मादी होती, आणि तिचे पोट सुटले नव्हते, ते अंड्यांनी भरत आले होते. पण आम्हाला विचारतो कोण?

एकदा बस चालवणारा एक गिऱ्हाईक पँटची लांबी कमी करून घ्यायला आला. तो बराच वेळ टाकीत बघत राहिला आणि नवरीबाईला मिशा कशा, असे त्याने विचारले.

"त्या मिशा नाहीत, झालर आहे," अक्का म्हणाल्या.

"मग शेठला पण झालर आहे की."

"त्याच्या मिशा आहेत," अक्का म्हणाल्या, आणि विषय संपला.

नावाचे मला फारसे वाईट वाटत नव्हते. वाईट वाटले ते घराचे. गोरामी नर वयात आला, की तो पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. हवा तोंडात घ्यायची, लाळेत घोळवून तिचा बुडबुडा करायचा आणि तो वर तरंगणाऱ्या पानाखाली चिकटवायचा. असे बुडबुड्याला बुडबुडा जोडत जायचे. काम किचकट असते आणि तोंड दुखून येते. मी माझे पहिले घरटे टाकीच्या कोपऱ्यात बांधले. मला त्याचा मोठा अभिमान वाटला.

मास्तरांना स्वच्छतेचे वेड. फेस दिसताच टाकीत साबण पडला की काय, म्हणून त्यांनी चहाची गाळणी आणली आणि माझे घर अलगद उचलून मोरीत झटकले. मी पुन्हा बांधले. त्यांनी पुन्हा गाळले. असे किती वेळा झाले याचा हिशेब मी ठेवला नाही. मास्तरांना वाटे, फेस हटत नाही. मला वाटे, मास्तर हटत नाहीत. अक्कांचे मत असे होते, की नवरीबाई धुणे धुते.

मग एका लग्नाचे काम दुकानात आले. नवरीचा घेरदार झगा, तिच्या बहिणींचे झगे, भावांचे सदरे, सगळे एकदम. मास्तरांना मान वर करायला फुरसत मिळेना आणि गाळणी स्वयंपाकघरातच राहिली. त्या काळात माझे घरटे पूर्ण झाले. ती फिकी, गोल, शांत मादी माझ्या घराखाली आली. मी तिच्याभोवती अंग वळवून धरले, आणि तिने अंडी सोडली. बारीक, पारदर्शक अंडी वर तरंगू लागली. जी इकडे तिकडे गेली, ती मी तोंडात धरून आणली आणि फेसात नीट बसवली. मी बाप झालो होतो.

आता आमच्या जातीची रीत सांगतो. अंडी पडली, की मादीला ती खाऊ वाटतात. म्हणून नर तिला हाकलतो. त्यात राग नसतो, राखण असते. मोठ्या टाकीत, दाट झाडांत ती लपून बसते आणि प्रश्न मिटतो. आमची टाकी लहान होती आणि झाडे नावापुरती. ती जिकडे जाई तिकडे मला दिसे, आणि मी ढुशी मारी. तिचा एक पर फाटला. मला ते दिसत होते, पण पाठीमागे अंडी होती.

दुकानात मात्र वेगळीच बातमी पसरली. नवरीबाई शेठला मारते. गिऱ्हाइकांत तट पडले. काही म्हणत, बिचारा गरीब आहे. झग्याची बाही बसवून घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, की उगीच कोण कुणाला मारते, त्याने काहीतरी केले असेल. बस चालवणारा घाईघाईने पँट घेऊन निघून गेला.

फेसात अंडी आहेत हे मास्तरांच्या बायकोच्या लक्षात आले. अक्कांनी लगेच मासेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मादीला ताबडतोब बाहेर काढा, राखण नर करतो. अक्कांना नवल वाटले, पण त्यांनी ऐकले. नर कसा ओळखायचा ते तो पुढे सांगणार होता. त्याची गरज नाही म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

आणि मित्रांनो, सल्ला अगदी बरोबर होता, तरी बाहेर काढले गेले ते मला.

मला बटणांच्या रिकाम्या बरणीत ठेवले आणि बरणी कापडाच्या टेबलावर. तिथून टाकी समोरच दिसत होती. थोडा वेळ मादी कोपऱ्यात दम घेत राहिली. मग हळूच वर गेली आणि फेसाला तोंड लावले. मी बरणीच्या काचेवर डोके आपटत होतो. एवढे हतबल मला कधीच वाटले नव्हते.

"बघ कसा राखतोय," अक्का समाधानाने म्हणाल्या. "वर जाऊन एकेक अंडं तपासतोय."

मास्तरांच्या बायकोने हातातला झगा खाली ठेवला आणि ती टाकीजवळ आली.

"अक्का, तपासताना गिळतात का?"

मास्तरांची बायको एकदा टाकीकडे, एकदा माझ्या बरणीकडे बघत राहिली. मग तिने आरशासमोर जाकीट नीट करणाऱ्या नवऱ्याकडे पाहिले.

"आपल्या घरात नटतं कोण, अक्का? मी का हे?"

मास्तरांचा हात जाकिटावरच थांबला.

आता तिने स्वतः फोन लावला, आणि मासेवाल्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. रंगाने भडक, गळा केशरी, तो नर. फिकी आणि पोटाने गोल, ती मादी. तरी शंका राहिलीच, तर पाठीवरचा पर बघा. नराचा लांब आणि मागे टोकदार, मादीचा आखूड आणि गोलसर.

जिने जन्मभर कापडाला गोल आणि टोकदार काठ दिले, तिला आणखी काही सांगावे लागले नाही. तिने बरणी उचलून डोळ्यांसमोर धरली. मी पाठीवरचा पर होता तेवढा ताणून उभा केला. तो टोकदार होता.

"अहो, गाळणी आणा," ती म्हणाली. "ही नवरीबाई अंड्यांचा बाप आहे."

ज्या गाळणीला मी एवढी नावे ठेवली होती, तिच्यातूनच मास्तरांनी मला घरी पोचवले, आणि मादीला एका मोठ्या भांड्यात हलवले. घरटे अर्धे फाटले होते आणि अंडी थोडीच उरली होती. मी उरलेली गोळा केली, फेस सांधला आणि खाण्यापिण्याची शुद्ध न ठेवता तिथेच थांबलो. त्यातून पिल्ले निघाली. धाग्याच्या तुकड्याएवढी, पण निघाली. ती आपली आपण पोहू लागल्यावर मलाही बाहेर काढले गेले, आणि ते योग्यच होते. बापाचे काम तिथे संपते.

जी अंडी गेली, त्यांची आठवण मला अजून येते. मादीला मी दोष देत नाही. तिचा फाटलेला पर भरून आला. मास्तरांनी मोठी टाकी आणली, तिच्यात दाट झाडे लावली आणि फेसाला हात लावायचा नाही असे ठरले. अक्कांनी चूक कबूल केली नाही. त्यांनी फक्त आमची नावे बदलली. मी मास्तर झालो आणि ती मास्तरीणबाई. खरे मास्तर त्यावर जेवेपर्यंत रुसले होते.

पिल्ले बोटाच्या पेराएवढी झाल्यावर ज्यांच्याकडे चांगली टाकी होती, अशा गिऱ्हाइकांना ती देऊन टाकली. बाही बसवून घेणाऱ्या बाईने पिशवी उजेडात धरली आणि यात नर कोणता, मादी कोणती, असे अक्कांना विचारले. सगळे दुकान ऐकायला थांबले.

अक्कांनी पिशवी हातात घेतली आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

"आत्ता नाही कळत," त्या म्हणाल्या. "मोठे होऊ देत. तोवर नुसते मासे म्हणा."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. गळ्याचा केशरी रंग उतरत चालला आहे आणि पराचे टोकही पूर्वीसारखे राहिलेले नाही. तुम्ही गोरामी घरी आणलेत, तर नाव हवे ते ठेवा, पण आधी त्याची पूर्ण वाढ होऊ द्या आणि मग पाठीवरचा पर नीट बघा. मादीला लपायला झाडे लावा. एका लहान टाकीत दोन नर कोंडू नका, ते भांडून एकमेकांचा जीव घेतील. पाण्यावर फेस दिसला, तर गाळणी जागच्या जागी राहू द्या. टाकीवर झाकण ठेवा, पण पाणी आणि झाकण यांच्यात थोडी जागा सोडा. आम्हाला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते.

बोलण्याच्या नादात माझेच ते राहून गेले. मी जरा वर जाऊन येतो.