मी, सोनबाची बैलवाली

मी एक गाडी बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं, आणि ते मी जन्मापासून इमानानं करत आले आहे.

गाडी म्हणजे बसायची नव्हे. अर्ध्या वितीची, ओतीव धातूची, लालभडक. माझ्या नावाची खरी गाडी इटली देशात धावते, लॅम्बोर्गिनी मिउरा. माझ्यासारख्या त्रेचाळीस जणी एकीपुढं एक उभ्या केल्या की तिची लांबी भरते. रूप मात्र हुबेहूब. दारं उघडतात, मागचं झाकण उचललं की आडवं बसवलेलं इंजिनसुद्धा दिसतं. नाकावर टिकलीएवढा बैल आहे. मला कुणी खेळणं म्हटलं की राग येतो. पण राग येऊन करते काय? चाकं आहेत, ती दुसऱ्यानं ढकलल्याशिवाय हलत नाहीत. ज्याला पळता येत नाही त्याची भीती तुम्हा पायवाल्यांना कळायची नाही.

जिनोआ बंदरातल्या एका दुकानाच्या काचेमागं मी उभी होते. येणाराजाणारा बोट दाखवायचा आणि मी दचकायचे. एके दिवशी काचेला एक काळंसावळं नाक चिकटलं. नखांत तेल, अंगाला धुराचा वास. तो सोनबा. वेल्ह्याच्या पुढं डोंगरात पासली नावाचं गाव आहे, तिथला. बोटीच्या इंजिनाला तेल घालायचं काम करायचा. बंदर आलं की बाकीचे खलाशी गुत्त्याकडे वळायचे आणि हा गाड्यांच्या दुकानाकडे. एका सफरीला एकच गाडी, तीही इटलीचीच, आणि पळण्यात पहिल्या नंबरची. धक्क्यावर त्यानं एकदा खरी मिउरा चालू झालेली ऐकली होती. "आमचं इंजिन खोकतं, हिचं गातं," असं तो सांगायचा.

त्यानं मला तळहातावर घेतलं आणि श्वास रोखून धरला. इतक्या जपून मला कुणी धरलं नव्हतं. त्याच दिवशी मी त्याची झाले.

पासलीत आम्ही चौघी जमलो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या. सोनबा रजेवर आला की घोंगडीवर आम्हाला ओळीनं मांडायचा आणि तेलाच्या फडक्यानं पुसायचा. त्याची आई चंद्राबाई समोर बसायची.

"आये, ही फेरारी. ही आल्फा रोमिओ. आनि ही मासेराती."

"कसली माशी?"

"माशी न्हाई, मासेराती!"

"म्या न्हाई असलं नाव घ्यायची." म्हातारीनं आम्हाला एकेक करून डोळ्यांजवळ नेलं आणि तिचा चेहराच पालटला. "आगं बया! हिच्या नाकावर तिरशूळ हाय. हिच्यावर नाग. ही नंदीवाली, ही घोडेवाली. सोनबा, लेका, ह्यो तर म्हादेवाचा समदा संसार हाय!"

इटलीच्या कारखानदारांनी आपापल्या खुणा घातल्या होत्या. त्या पासलीत येऊन देव झाल्या. म्हातारीनं लगेच हळदकुंकू आणलं.

"आये, रंग जाईल गं!"

"देवाचा न्हाई गेला अजून, ह्यांचा जातोय?"

सोनबानं माझं मागचं झाकण उघडून दाखवलं. "बघ, हिचं इंजन मागं हाय."

"मागं? म्हंजी बैल गाडीच्या मागं जुपल्यावानी? उलट्या काळजाची हायती तुझी इटलीची मान्सं."

सोनबाची बायको अंबूबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. ती भोरची, सातवी शिकलेली, बारीक नजरेची. डब्यात शेवटी कोण जातं, ते तिला ठाऊक होतं. सोनबाच्या हातात सगळ्यांत जास्त वेळ राहून शेवटी मीच जायचे.

मग एकाहत्तर साल सरता सरता लढाई पेटली. आधीच सुवेझचा कालवा बंद, बोटी आफ्रिकेला वळसा घालून यायच्या. त्यात पत्रं थांबली. चंद्राबाई चालत गावावरच्या खिंडीतल्या देवीला गेली आणि बोलून आली.

नवस तिनं घरी येऊन सुनेला सांगितला, डब्यावर हात ठेवून. "म्हनलं, बये, माझं लेकरू धडधाकट दारात आन. त्याची समद्यात लाडकी गाडी तुझ्या चौकटीला ठोकीन."

डब्यात आम्ही चौघी गार पडलो.

त्या देवीच्या लाकडी चौकटीवर लोक नवस फेडतात. कुणी घोड्याची नाल ठोकतं, कुणी तांब्याचं नाणं. नालेला भोकं असतात. मला नाहीत.

चैत्रात सोनबा आला. धडधाकट. म्हातारीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पुढच्या मंगळवारी आम्हाला डब्यासकट खिंडीत नेलं. गेनबा गुरवानं आम्हाला उंबऱ्यावर मांडलं.

"सोनबा, बोल देवीम्होरं. लाडकी कंची? तिच्यावर बोट ठेव."

सोनबाचा चेहरा उतरला. "गुरवदादा, चांदीची घडवून दिली तर?"

"नवस तुज्या आईचा, शब्द बी तिचा. देवीला चांदी म्हनली नव्हती म्हातारी."

सोनबानं बोट पुढं केलं. ते नागवालीवरून आलं, त्रिशूळवालीवरून आलं आणि माझ्यावर थांबलं. मी मनात ओरडले, पुढं सरक! सोनबा, पुढं सरक! हो, मी ओरडले. माझ्या शेजारणीचं काय होईल हे मला दिसत होतं, तरी ओरडले. भित्री आहे मी, आणि खोटं सांगायची मला सवय नाही.

बोट सरकलं. पिवळ्या घोडेवालीवर टेकलं.

"ही."

"घोडा व्हय? बरं झालं," गुरव म्हणाला. "नालंच्या शेजारी शोभंल."

ओतीव धातू वाकत नाही, तडकतो. पहिल्या घावाला काच फुटली, दुसऱ्याला टप. सोनबानं मान फिरवली. चंद्राबाईनं दोन्ही हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि तिच्या तोंडावर असं समाधान होतं की मला तिच्याकडे बघवेना.

उतरताना अंबूबाई हळूच म्हणाली, "अवो, खरंच पिवळी?"

"गप."

"म्या गपच हाय. देवी हाय का?"

त्यानंतर रजेवर आला तरी सोनबानं डबा उघडलाच नाही. ज्याच्यासाठी माणूस खोटं बोलतो, त्याच्याकडे त्याला बघवत नाही. ज्या दिवशी मी वाचले, त्याच दिवशी त्याला मुकले.

त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी तो पुन्हा बोटीवर गेला. आता शिमगा उलटून गेला आहे. पत्र नाही, तार नाही. टपालवाला सावळाराम वेल्ह्याहून येतो आणि लांबूनच हात हलवतो, "आज बी न्हाई, काकू!"

"ईल, ईल," चंद्राबाई त्यालाच धीर देते. "म्या नवस फेडलाय. देवी माझं ठेवून घ्यायची न्हाई."

रोज हेच म्हणते. तिनं हे म्हटलं की डब्यातल्या अंधारात माझी चारी चाकं आखडतात. देवी कुणाचं काय ठेवून घेते मला ठाऊक नाही. मी यंत्राची पोर, मला त्यातलं काय कळतंय? पण जे द्यायचं ठरलं होतं ते दिलेलं नाही, आणि ते न दिलेलं म्हणजे मी, एवढं मला कळतं. पूर्वी मी खिळ्याला भ्यायचे. आता सावळारामाच्या हात हलवण्याला भिते.

आज दुपारी झाकण उघडलं. अंबूबाई होती. तिनं बाकीच्या दोघींना हातही लावला नाही. चिंधी सोडून मला वर काढलं आणि नाकावरच्या बैलावरून अंगठा फिरवला.

ओसरीवरून म्हातारी म्हणाली, "काय गं हुडकतीस?"

अंबूबाईचे ओठ हलले. सांगितलं असतं तर लेक खोटा ठरला असता, तोही देवीसमोर, आणि म्हातारी ज्या एका शब्दावर जगते आहे तोच निखळला असता.

"काय न्हाई, आत्याबाई. खिंडीपातूर जाऊन येते."

"आज कुटं मंगळवार हाय?"

"मंगळवारपातूर दम न्हाई मला."

"जा बाई. माझा बी नमस्कार सांग."

आता मी अंबूबाईच्या कंबरेला खोचलेली आहे. पदराच्या गाठीत खिळा आहे, चालताना तो माझ्या दारावर टकटक वाजतो. ठोकायला दगड वर पुष्कळ आहेत. ती मध्येच थांबते, मला चाचपते आणि पुटपुटते, "भिऊ नको गं बाई." स्वतःलाच म्हणते की मला, कोण जाणे.

भिते तर मी आहेच. काच फुटल्याचा तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. पण या खेपेला पुढं सरक म्हणायची नाही.

तुम्ही कधी त्या खिंडीत आलात तर चौकटीवर फुटकी लाल गाडी बघून हळहळू नका. एवढी चांगली गाडी कुणी ठोकली म्हणून अंबूबाईला नावं ठेवलीत तर माझ्याशी गाठ आहे. खाली पासलीत उतरा, चंद्राबाईचं घर कुणीही दाखवेल. ओसरीवर कोण बसलंय ते बघा, आणि सोनबा बसलेला असला तर वर येऊन मला सांगा.