काठापासून अकरा मीटर

नावाड्याचे दंड होते तेवढे सांगितले तर कुणाला पटायचं नाही, म्हणून निम्मेच सांगायचे. त्याच्या बाहीचं माप घ्यायला शिंपी टेप आणत नसे, सुतळीचं रीळ आणायचा. एकदा पुरात म्हणे नाव जागची हलेना, तेव्हा त्यानं वल्ही रोवून अख्खी नदीच मागे सारली आणि पलीकडचा काठ मुकाट्यानं नावेपाशी आला. ही हकिकत अर्थात नावाड्याचीच. साक्षीला नावेत दोन शेळ्या होत्या, आणि त्यांनी ती कधी नाकारलेली नाही.

मग पूल झाला. नाव काठावर पालथी पडली आणि त्याच हिवाळ्यात बायको गेली. तीन वर्षं नावाडी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहिला. थापासुद्धा आटल्या.

त्याची लेक इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिच्या अंगात अशी ताकद आली होती, की जिममधला लोखंडी बार ती, कडेवर पोर घ्यावं तसा, खांद्यावर घ्यायची. दर वर्षी ती फंक्शनल फिटनेसच्या स्पर्धेत उतरायची. वजनं उचला, उड्या मारा, दोर चढा, सगळी घड्याळाशी शर्यत. पण सुरुवात बहुधा रोवरनं. रोवर म्हणजे पाण्यावाचूनची नाव: बूड टेकायला सरकती बैठक, पाय पट्ट्यांत, हातात साखळीचा दांडा, पुढ्यात पंख्याचं चाक आणि आकड्यांचा पडदा. तिथं लांब पायांचं राज्य, आणि लेक पडली बुटकी. रोवरवर जे हातचं जायचं ते पुढं बारवर कितीही जीव काढला तरी भरून यायचं नाही. कधी चौथी, कधी पाचवी.

"रोवरवर कुणी जिंकत नाही गं," कोच म्हणायचा, "पण हरतात सगळे तिथंच."

यंदा ती अडतिसाची झाली. डावा गुडघा झिजला होता. हे शेवटचं वर्ष, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि नेमका यंदाच नवा गट निघाला: आई किंवा बाप आणि मूल, अशी जोडी. पहिल्या तीन जोड्या अंतिम फेरीला.

ती खाटेपाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, उठा. वल्हवायचंय."

"नदी कुठाय?"

"नदी नाही. नुसतंच वल्हवायचं."

"म्हणजे तुझ्या आईशी वाद घालण्यासारखं," नावाडी म्हणाला. "घाम निघायचा, पण जागचं काही हलायचं नाही." आणि उठून बसला.

जिममध्ये कोच सांगू लागला, "आजोबा, आधी पाय, मग पाठ, मग हात."

"तू पाळण्यात अंगठा चोखत होतास, तेव्हापासून ओढतोय मी!"

त्यानं पहिलाच हिसका दिला तो पंख्याच्या वाऱ्यानं कोचची टोपी छपराला चिकटली. दुसऱ्या दिवसापासून लोक घामेजले की त्याच्या यंत्रासमोर येऊन वारा खात बसू लागले. कोच घड्याळ लावायचा आणि सांगायचा, घंटा होईपर्यंत ओढा. चार महिने नावाडी घंटेवर ओढत राहिला. पोटभर जेवू लागला, दाढी करू लागला. लहानपणी आई पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा लेकीनं शाळा सोडून घर सांभाळलं होतं. ते खाटेवर त्याला रोज टोचायचं. ही एक अंतिम फेरी तिला द्यायचीच, असं त्यानं मनाशी धरलं.

स्पर्धेच्या दिवशी कळलं, इथं घंटा नाही. दोन हजार मीटर ओढायचे. पडद्यावर आकडा उतरत शून्यावर आला, की मग लेकीनं तीस वेळा बार उचलायचा. नावाडी पडद्याकडे बघून गोंधळला.

"सोपं आहे, बाबा," लेक म्हणाली. "पलीकडचा काठ दोन हजारांवर आहे. शून्य आलं की काठ आला."

"मग असं सांग की! काठ मला कळतो."

आठ जोड्या होत्या. शेजारच्या यंत्रावर लांबटांग्या निवृत्त मास्तर. नावाड्यानं अर्ध्या वाटेतच त्याला मागं टाकला. लेक बारपाशी हात चोळत ओरडत होती, "शंभर, बाबा! पन्नास!"

तिसाला नावाड्यानं ओढणं सोडलं.

चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. काठ जवळ आला की वल्ही उचलायची आणि नाव तिच्या तिच्या वेगानं लागू द्यायची. शेवटपर्यंत ओढलं तर नाव आपटते, उतारू एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यानं दांडा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला, दोर फेकायला. दोर झेलायला काठावर बायको उभी असायची.

चाक आपसूक घुमत राहिलं. वीस. पंधरा. अकरा. आणि थांबलं.

"बाबा, ओढा!"

तो हसत होता. हात तसाच वर.

"बाबा, आई नाहीये तिथं! ओढा!"

हात खाली आला. तीन हिसक्यांत शून्य झालं, पण तोवर नऊ सेकंद गेले होते आणि शेजारी बार उठू लागले होते. लेकीनं तीस वेळा बार असा उचलला की पंचसुद्धा मोजायचं विसरून बघत राहिला. गुडघ्याचा आवाज नावाड्याला गोंगाटातूनही ऐकू येत होता. चौथा नंबर. तिसरा हुकला, चार सेकंदांनी.

दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसली.

"धक्का बसला असता गं," नावाडी म्हणाला.

"मीच म्हणाले, काठ." ती जमिनीकडे बघत होती. "नुसतं शून्य म्हणायला हवं होतं."

"पुढच्या वर्षी बघ तू. पुढच्या वर्षी..."

"पुढचं वर्ष नाही, बाबा."

आजवर प्रत्येक फजितीवर त्याच्याकडे एखादी थाप तयार असायची. त्यानं आताही शोधली. मग खिशातला रुमाल काढून तिच्यापुढं धरला.

लेकीनं गुडघ्याचा पट्टा सोडला. कातडीवर लाल वळ उठले होते. तिनं पट्ट्याची घडी करून त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या, तुम्ही वापरा. थंडीत तुमचाही धरतो ना."

तो नको म्हणाला नाही. विजारीवरूनच त्यानं पट्टा चढवला, तोही उलटा. लेक स्वतःचा पाय लांब पसरून वाकली, पट्टा सोडवला आणि पुन्हा नीट बांधून दिला. पट्टा अजून गरम होता.