लवंगेभोवतीचं रिकामं वर्तुळ

केम गावच्या गोजरबाईच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सडायला लागला. सोलापुरातल्या दवाखान्यात येऊन तिला पंधरा दिवस झाले, पण भेटायला कुणी आलं नव्हतं. लॅबमधल्या ज्ञानबानं तिच्या पुवातले जंतू काचेच्या बशीत वाढवून बघितले. पेनिसिलिन धरून चार औषधं लावली, एकालाही ते बधले नाहीत; आता पाय कापावा लागणार होता.

"दाढ दुखली की मी हीच धरती," म्हणत गोजरबाईनं चंचीतली लवंग त्याच्या हातावर ठेवली. "तुमच्या बशीत टाका की."

ज्ञानबा हसला, पण लवंग कुटून तेलात भिजवली आणि त्या तेलात बुडवलेला कागदाचा तुकडा जंतूंच्या बशीत ठेवलाही. रविवारी बघतो तर सगळीकडे जंतू माजलेले आणि त्या कागदाभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ! त्याला आभाळ ठेंगणं झालं. लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. मग काय, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बशी घेऊन तो थेट वॉर्डात गेला.

"आजी, तुमच्या लवंगेनं मेले!"

"मग पाय ऱ्हातोय म्हना की."

इथं त्यानं जीभ आवरायला हवी होती. तो म्हणाला, "राहील."

सोमवारी डॉक्टर पाय कापायच्या कागदावर अंगठा घ्यायला आले, तर बाईनं मूठच उघडली नाही. बुधवारी सूज गुडघ्यापर्यंत चढली. डॉक्टरांनी ज्ञानबाला फैलावर घेतलं. बशीत मरणं वेगळं आणि पायात वेगळं. जंतू मरतील एवढं तेल ओतलं तर आधी मांस जळेल. हे ज्ञानबाला शिकवायची गरज नव्हती.

तो खाटेपाशी बसला. "आजी, चुकलं माझं. लवंग पायात चालायची नाही. अंगठा द्या, नाहीतर जीव जाईल."

"हे तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मग सांगितलं कशापायी?"

ज्ञानबाला खोटं सुचेना. "लई आनंद झाला होता, आजी. सांगायला दुसरं कुणी नव्हतं."

"घरी बी न्हाय?"

"नाही."

गोजरबाईनं मूठ उघडली. त्यानं तिचा तापलेला अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला.

"कापत्याल तवा दाराशी बसा," ती म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर लई दुकंल. मला बी सांगायला कुनी न्हाय."